दुभाष्याचें कूळ

संगणकास मनुष्याची भाषा कळत नाहीं, ही गोष्ट आतां पांचवीच्या मुलांसहि ठाऊक झाली आहे. त्याला कळतात ते केवळ अंक, आणि अंकांमध्येंहि दोनच : शून्य व एक. मनुष्यास मात्र अंकांच्या रांगांनीं विचार मांडणें जड जातें. म्हणून तो सी किंवा तत्सम एखाद्या मधल्या भाषेंत आपला मनोदय लिहितो, आणि त्या लेखाचें यंत्राच्या अंकभाषेंत भाषांतर करण्यासाठीं एक दुभाषी ठेवतो. ह्या दुभाष्यास कंपायलर म्हणतात. मनुष्यानें लिहिलेला लेख ती मूळ संहिता, आणि दुभाष्यानें सिद्ध केलेली अंकांची रास ती यंत्रसंहिता. येथवर सारें सरळ आहे. घोटाळा यापुढें सुरू होतो. कंपायलर हाहि एक प्रोग्रामच. तोहि कोणीतरी मनुष्याच्या भाषेंत लिहिलेला. मग त्याचें भाषांतर कोणीं केलें? दुसऱ्या कंपायलरनें. आणि त्या दुसऱ्याचें?

ह्या प्रश्नाच्या मागें लागून आम्हीं चार विद्यार्थ्यांनीं गेली नाताळची सुट्टी शाळेच्या संगणक-कक्षांत घालविली. जीसीसी नांवाचा कंपायलर आणि त्याच्या जोडीचीं सर्व हत्यारें मूळ संहितेपासून आपल्या हातांनीं बांधावयाचीं, असा आमचा संकल्प होता. “जें फुकट आणि तयार मिळतें तें बांधतां कशाला?” असें आम्हांस फादर प्रिन्सिपलांपासून शाळेच्या शिपायापर्यंत सर्वांनीं विचारलें. एका पालकांनीं तर, दहावीचें वर्ष दाराशीं आलें असतां हा उद्योग म्हणजे दळलेलें पीठ पुन्हां जात्यांत घालणें होय, असा अभिप्राय दिला. प्रश्न गैर नव्हे. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लहान वयांत नोकरीस लागलेल्या जावजी दादाजींनीं पुढें स्वतःचा टाईपांचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभारला, तेव्हां टाईप विकत मिळत असतां ही यातायात कशाला, असें त्यांसहि कोणी विचारलें असेल. परंतु टाईप पाहून तो सुबक आहे कीं बेढब हें डोळ्यांस कळतें. कंपायलरचें तसें नाहीं, आणि आमच्या उत्तराचें मूळ तेथेंच आहे.

प्रथम हीं हत्यारें कोणतीं तें सांगितलें पाहिजे. कंपायलर एकटा कांहीं करूं शकत नाहीं. तो सी भाषेंतील लेखाचें रूपांतर असेंब्ली नांवाच्या, यंत्राच्या अगदीं जवळच्या भाषेंत करतो. असेंब्लीच्या एकेका आज्ञेचे अंक करणें हें काम असेंब्लरचें. आणि असे निरनिराळे तुकडे जोडून, प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकास लावून देऊन, चालूं शकणारा एक सबंध प्रोग्राम करणें हें काम लिंकरचें. असेंब्लर व लिंकर हे दोघे ‘बिनयूटिल्स’ ह्या एकाच पेटींत येतात. शिवाय पडद्यावर अक्षर काढणें, फाइल उघडणें, स्मृति मागून घेणें असल्या नित्याच्या कामांसाठीं सी भाषेची एक लायब्ररी लागते. आमच्या यंत्रावर ती ‘जीलिबसी’. ह्या सर्वांस मिळून टूलचेन म्हणतात. आम्ही आपसांत तिला हत्यारांची साखळी म्हणत असूं.

साखळी म्हणावयाचें, पण खरें पाहतां तें वर्तुळ आहे. लायब्ररी बांधावयास कंपायलर पाहिजे, आणि कंपायलर पुरतेपणीं बांधावयास लायब्ररी पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. ही गांठ सोडविण्याची युक्ति मोठी मौजेची आहे. प्रथम बिनयूटिल्स बांधावयाचें. मग लायब्ररी नाहींच असें बजावून एक अपुरा, लंगडा जीसीसी बांधावयाचा. लिनक्सच्या गाभ्याच्या हेडर फायली बाजूस काढून ठेवून, त्या लंगड्याकडूनच जीलिबसी बांधून घ्यावयाची. आणि मग त्या लायब्ररीच्या आधारानें सर्वांगांनीं धड असा जीसीसी पुन्हां बांधावयाचा. ही सर्व कृति गेरार्ड बीकमन्स यांनीं १९९९ सालीं आरंभिलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ ह्या पुस्तकांत ओळीओळीनें दिलेली आहे, व तें कोणासहि विनामूल्य वाचतां येतें. त्यांतील कालमापनाची रीत आम्हांस फार आवडली. अमुक प्रोग्रामास इतकीं मिनिटें लागतील असें त्यांत कोठें सांगितलेलें नाहीं, कारण प्रत्येकाचें यंत्र निराळें. पहिलें बिनयूटिल्स बांधावयास तुमच्या यंत्रास जेवढा वेळ लागेल तें एक माप धरावयाचें, आणि पुढील प्रत्येक काम त्याच्या पटींत मोजावयाचें. शेर-पायलीचें माप न धरतां ज्याच्या त्याच्या ओंजळीनें धान्य मोजावें, तसें हें आहे. आमच्या यंत्राची ओंजळ लहान होती. तें शाळेस दान म्हणून मिळालेलें.

काम करणाऱ्यास आज्ञा तीनच द्यावयाच्या असतात : ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’. पहिल्या आज्ञेनें यंत्राची कसून उलटतपासणी होते. तुझ्याकडे पूर्णांक किती बाइटांचा? अमुक हेडर आहे काय? तमुक सोय आहे काय? असे शेंकडों प्रश्न पडद्यावरून सरकत जातात आणि यंत्र होय-नाहीं करीत राहतें. दुसऱ्या आज्ञेनें प्रत्यक्ष बांधकाम चालतें, आणि तिच्याविषयीं थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें, कारण तिसऱ्या दिवशीं दुपारीं वीज गेली.

मेक हा मोठा हिशेबी कारकून आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलीपासून होते याची वही त्याच्यापाशीं असते. आणि मुळापेक्षां फळ नंतरचें आहे एवढें घड्याळावरून दिसलें म्हणजे तें काम झालें असें तो धरून चालतो. त्यामुळें दोन तासांनीं वीज आल्यावर आम्हांस पहिल्यापासून आरंभ करावा लागला नाहीं. मेकनें जेथें सोडलें होतें तेथून पुढें धरलें. परंतु फळ धड आहे कीं पोकळ, हें पाहण्याचा रकाना त्याच्या वहींत नाहीं. वीज गेली त्या क्षणीं जी फाइल लिहिली जात होती ती शून्य बाइटांची होऊन राहिली होती; तिच्यावरची वेळ मात्र ताजी. मेक तिच्यावरून खुशाल पुढें गेला, आणि पुष्कळ वेळानें लिंकरनें, ह्या फाइलीचें स्वरूप ओळखूं येत नाहीं, असें सांगून हात टेकले. लांबी शून्य असलेल्या सर्व फायली शोधून दे, अशी एका ओळीची आज्ञा दिल्यावर ती सांपडली. ती पुसून टाकतांच मेकनें पुन्हां करून दिली. काम पुढें चाललें. पण काम झाल्याची नोंद आणि झालेलें काम ह्या दोन वस्तु भिन्न आहेत, ही गोष्ट त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत राहिली.

ह्यानंतर तीन पायऱ्यांची परीक्षा आली. जीसीसी स्वतःच्या यंत्रासाठीं बांधतांना तो एकदां नव्हे, तीनदां बांधला जातो. पहिल्या पायरीवर यंत्रावर आधींपासून असलेल्या कंपायलरकडून नव्या जीसीसीच्या संहितेचें भाषांतर करून घेतात. जो निघतो त्याची विद्या नवी, पण शरीर जुन्याच्या हातचें. म्हणून दुसऱ्या पायरीवर ह्या पहिल्याकडून तीच संहिता पुन्हां भाषांतरित करवितात, आणि तिसऱ्या पायरीवर दुसऱ्याकडून पुन्हां तीच. मग दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या फायली बाइटास बाइट लावून ताडतात. पहिला व दुसरा सारखे असण्याचें कारण नाहीं, कारण त्यांचे घडविणारे निराळे. परंतु दुसऱ्यास घडविणारा पहिला आणि तिसऱ्यास घडविणारा दुसरा, हे दोघे एकाच संहितेचे अवतार आहेत. शरीरें भिन्न, विद्या एक. एकाच विद्येच्या दोघां दुभाष्यांनीं एकाच लेखाचें भाषांतर केलें तर त्यांत काना-मात्रेचाहि फरक पडतां कामा नये. पडला तर कंपायलरांत कोठेंतरी दोष आहे असें समजून बांधकाम तेथेंच थांबतें. आमच्या येथें फरक पडला नाहीं. ‘तुलना यशस्वी’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर उमटली तेव्हां सायंकाळचे सहा वाजून गेले होते, आणि शिपाई किल्ल्या वाजवीत दारांत उभा होता.

त्याच रात्रीं आमच्यापैकीं एकाच्या घरीं जेवतांना ही हकीकत निघाली. त्याच्या आजींनीं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “अरे, हें विरजणासारखेंच झालें कीं. कालच्या दह्यानें आजचें, आजच्यानें उद्यांचें.”

“अगदीं तसेंच, आजी. आणि आजचें व उद्यांचें दही हुबेहूब सारखें लागलें, म्हणजे आमची परीक्षा उतरली.”

“सारखें लागेलच रे. विरजण नासकें असलें तरीहि रोज सारखेंच लागेल. तें कोठून आणलेंत, तें आधीं सांगा.”

आमच्यापैकीं कोणालाहि उत्तर देतां येईना.

आजींनीं जें ताटावर बसून सांगितलें, तेंच केन थॉम्प्सन यांनीं ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांत सांगितलें होतें, असें आम्हांस पुढें वाचतांना आढळलें. १९८३ सालचें तें पारितोषिक त्यांस व डेनिस रिची यांस युनिक्सच्या निर्मितीबद्दल मिळालें. भाषण ऑगस्ट १९८४ मध्यें छापून आलें व तें अवघें तीन पानांचें आहे. त्यांतील युक्तिवाद असा : समजा, कोणीं एकानें कंपायलरच्या संहितेंत गुपचूप दोन कलमें घातलीं. पहिलें कलम असें, कीं प्रवेशाचा परवलीचा शब्द तपासणारा प्रोग्राम भाषांतरास आला कीं त्यांत एक चोरदार ठेवून द्यावें, म्हणजे ठराविक गुप्त शब्द उच्चारणारास कोणत्याहि खात्यांत शिरतां यावें. दुसरें कलम त्याहून विलक्षण : खुद्द कंपायलरची संहिता भाषांतरास आली कीं तिच्या भाषांतरांत हीं दोन्ही कलमें पुन्हां घालावीं. आतां ह्या संहितेचें एकवार भाषांतर करून तो कंपायलर यंत्रावर बसविला, आणि मग संहितेंतून दोन्ही कलमें पुसून टाकलीं, तर काय होईल? संहिता स्वच्छ. दहा शहाण्यांनीं दहा वेळां वाचली तरी तींत कांहीं सांपडणार नाहीं. परंतु त्या कंपायलरनें बांधलेला प्रत्येक नवा कंपायलर तीं दोन कलमें पोटांत घेऊनच जन्मास येईल, पिढ्यानुपिढ्या. ही शंका अमेरिकन हवाई दलासाठीं पॉल कार्गर व रॉजर शेल यांनीं केलेल्या मल्टिक्सच्या तपासणींत १९७४ सालींच मांडली गेली होती; थॉम्प्सन यांनीं ती करून दाखविली.

आमच्या तीन पायऱ्यांची परीक्षा असा कंपायलर डोळे मिटून उत्तीर्ण झाला असता, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. दुसरी पायरी बाधित, तिसरीहि तितकीच बाधित. तेव्हां तुलना यशस्वीच! ती परीक्षा सातत्याची आहे, शुद्धतेची नव्हे.

हें सारें पंडितांचें कल्पनारंजन आहे असें कोणी म्हणेल, म्हणून घडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतों. २००९ सालीं डेल्फी ह्या भाषेच्या कंपायलरबरोबर येणारी एक लायब्ररी बाधित करणारा विषाणु सांपडला. बाधित यंत्रावर जो जो प्रोग्राम बांधला जाई त्यांत तो आपोआप उतरत असे, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यास त्याची गंधवार्ता नसे. २०१५ सालीं चीनमध्यें ॲपलच्या एक्सकोड ह्या हत्यारांच्या पेटीच्या बनावट प्रती पसरल्या. मूळ ठिकाणाहून ती पेटी उतरवून घेण्यास फार वेळ लागे म्हणून लोकांनीं ती जवळच्या दुसऱ्या ठिकाणाहून घेतली, आणि त्या पेटीनें बांधलेले प्रोग्राम, त्यांत वीचॅटसारखा कोट्यवधि लोकांच्या वापरांतला प्रोग्रामहि होता, ॲपलच्या दुकानांतून लोकांच्या हातीं गेले. तिसरी गोष्ट मार्च २०२४ ची. एक्सझेड नांवाच्या, फायलींचें आकारमान कमी करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्तींत चोरदार निघालें. येथें तर मूळ संहिताच विश्वासाची राहिली नव्हती : सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या भांडारांत एक मजकूर, आणि बांधण्यासाठीं वांटलेल्या गांठोड्यांत त्याहून थोडा निराळा. चोरदार उघडणारी किल्ली बांधकामाच्या त्याच उलटतपासणीच्या आज्ञावलींत लपविली होती, जी आम्ही पडद्यावरून सरकतांना कौतुकानें पाहत होतों. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो मुळापर्यंत पोहोंचला. पालकांनीं एवढाच विचार करावा, कीं आज आपले पैसे, मुलांचे मार्क आणि दवाखान्यांतले कागद ज्या प्रोग्रामांतून ये-जा करतात, ते सारे अशाच हत्यारांनीं बांधलेले आहेत.

विरजण पारखण्याची रीत मात्र आहे. डेव्हिड व्हीलर यांनीं ती २००५ सालीं निबंधांत व २००९ सालीं आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधांत मांडली. शेजारच्या घरून, ज्याचा आपल्या घराशीं संबंध नाहीं अशा ठिकाणाहून, दुसरें विरजण आणावें; म्हणजे सर्वस्वी निराळ्या कंपायलरकडून आपल्या कंपायलरची संहिता भाषांतरित करून घ्यावी. जो निघेल त्याच्याकडून तीच संहिता पुन्हां भाषांतरित करवावी. हा दुसरा परिणाम आणि आपला मूळचा कंपायलर बाइटास बाइट जुळले, तर आपल्या विरजणांत लपविलेलें कांहीं नाहीं. निदान जें असेल तें दोन्ही घरीं एकच असलें पाहिजे. सुट्टीच्या अखेरच्या आठवड्यांत आम्हीं ह्या रीतीचा एक लहानसा प्रयोग केला. एकदां यंत्रावरील जुन्या जीसीसीपासून आरंभ करून, आणि एकदां क्लँग ह्या निराळ्या कंपायलरपासून आरंभ करून, तोच नवा जीसीसी त्याच नांवाच्या कप्प्यांत दोनदां बांधला, आणि दोन्ही वेळच्या तिसऱ्या पायरीच्या फायली ताडून पाहिल्या. कप्प्याचें नांव तेंच ठेवावें लागतें, कारण कंपायलर कित्येकदां कोठें बसून काम केलें हेंहि फाइलींत टिपून ठेवतो, आणि मग निष्कारण फरक दिसूं लागतात. फायली जुळल्या. आम्हांपैकीं तिघे आनंदानें ओरडले. चौथा गप्प होता. तो आजींचा नातू. “पण क्लँगची ही प्रत बांधली कोणीं?” असें त्यानें विचारलें. ती जीसीसीनेंच बांधलेली असूं शकते. शेजारणीकडून मोठ्या विश्वासानें आणलेलें विरजण महिन्यापूर्वीं आपल्याच घरून गेलेलें निघावें, तशांतली ही गत.

मग पहिलें विरजण कोठलें? आरंभीं तें माणसांनीं हातानेंच केलें. ग्रेस हॉपर यांनीं १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक यंत्रासाठीं ए-शून्य हा प्रोग्राम केला, तेव्हां आधींचा कंपायलर असा कोणी नव्हताच. १९५७ मध्यें जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयबीएम ७०४ यंत्रासाठीं फोर्ट्रान सिद्ध केली. स्वतःचें भाषांतर स्वतः करणारा म्हणून ज्याचें नांव प्रथम घेतलें जातें तो १९६२ मधील लिस्प भाषेचा कंपायलर. तो एमआयटींत टिम हार्ट व माइक लेव्हिन यांनीं लिस्पमध्येंच लिहिला. थॉम्प्सन यांनीं बी भाषेचा कंपायलर पहिल्यानें टीएमजी नांवाच्या साधनाच्या आधारानें केला, मग बी भाषेंतच लिहून त्याच्याकडूनच त्याचें भाषांतर करविलें; त्या बीपासून रिची यांनीं १९७१ ते १९७३ ह्या काळांत सी घडविली. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी १९८७ सालीं प्रथम बाहेर पडला तो सी भाषेंत. २०१३ मध्यें निघालेल्या ४.८ ह्या आवृत्तीपासून मात्र तो बांधावयास सी-प्लस-प्लस जाणणारा कंपायलर लागतो. म्हणून ज्याच्यापाशीं केवळ सीचा कंपायलर आहे त्यास आधीं जुनी आवृत्ति बांधून तिच्या खांद्यावर चढावें लागतें. घराण्याचा वाडा वाढत जातो आणि खालच्या मजल्यांचे जिने मात्र पडत जातात, असें कांहींसें येथें झालें आहे. तीं जुनीं यंत्रें आतां पदार्थसंग्रहालयांत आहेत. त्यांच्यावरील हातानें केलेल्या विरजणापासून आजच्या आमच्या यंत्रापर्यंत प्रत्येक पिढी मोजून दाखवील असा कोणी नाहीं. लक्षावधि ओळींच्या ह्या संहितेंत शिरण्याची वाट दाखविण्यासाठीं मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्रा. उदय खेडकर यांनीं कार्यशाळा घेतल्या आहेत. तेथवर आमची मजल अद्याप गेलेली नाहीं.

ही अडचण आम्हीं पुन्हां आजींपुढें मांडली, थोडी थट्टेनेंच. “विरजण मुळींच नसलें तर दही लागेल काय?” त्या म्हणाल्या, “न लागायला काय झालें? कोंबट दुधांत हिरव्या मिरचीचे देठ टाकावे. पहिल्या दिवशीं पातळ लागतें, तें खाऊं नये. त्याचें विरजण दुसऱ्या दिवशीं घालावें. तिसऱ्या दिवशींचें घट्ट.” तीन पायऱ्या त्यांसहि ठाऊक होत्या!

संगणकाच्या जगांत मिरचीचे देठ शोधणारे लोक आहेत. जेरेमाया ओरियन्स यांचें ‘स्टेज-शून्य’ आणि यान न्यूवेनहाउझेन यांचें ‘मेस’ हीं दोन कामें जोडून, ‘गीक्स’ ह्या मुक्त प्रणालीच्या मंडळीनें २०२३ सालीं आपली सगळी हत्यारांची साखळी ३५७ बाइटांच्या एका बीजापासून उगवून दाखविली. पूर्वीं त्याच प्रणालीस आरंभासाठीं तयार यंत्रसंहितेचे सुमारें २५० मेगाबाइट घ्यावे लागत. ह्या बीजाचें नांव ‘हेक्स-शून्य’. त्याला एकच काम येतें : षोडशमान अंकांच्या जोड्या वाचावयाच्या, आणि प्रत्येक जोडीचा एक बाइट करून लिहून ठेवावयाचा, टीपा आल्या तर त्या वगळावयाच्या. एवढ्याच विद्येवर त्याच्याकडून त्याहून किंचित शहाणा प्रोग्राम लिहवून घेतात, जो जागांस नांवें देऊं शकतो. त्याच्याकडून त्याहून शहाणा. मग एक साधा असेंब्लर, मग सी भाषेचा लहानसा तुकडा जाणणारा कंपायलर, मग मेस, मग फाब्रिस बेलार यांचा टिनीसीसी, आणि मग जीसीसीची १९९९ सालीं निघालेली २.९५ ही शाखा. तेथून पायरीपायरीनें आजचा जीसीसी. ह्यांतहि सर्व शंका फिटल्या असें नव्हे. लिनक्सचा गाभा आणि बांधकाम हांकणारा गाइल हा प्रोग्राम हे तयारच घ्यावे लागतात. आणि सर्वांच्या खालीं सिलिकॉनची चकती आहे, ती ज्यांनीं घडविली त्यांचा कारखाना आम्हीं कधीं पाहिलेला नाहीं. परंतु २५० मेगाबाइट कोणी मनुष्य वाचूं शकत नाहीं, आणि ३५७ बाइट वाचूं शकतो. हा फरक आम्हांस लहान वाटत नाहीं. “तयार मिळतें तें बांधतां कशाला?” ह्या प्रश्नाला आमच्यापाशीं आतां जें उत्तर आहे तें एवढेंच, कीं तयार मिळणारें दही कोणाच्या विरजणाचें आहे हें बांधल्यावांचून विचारतांहि येत नव्हतें.

ते ३५७ बाइट आम्हीं एका मोठ्या कागदावर हातानें उतरून संगणक-कक्षाच्या भिंतीवर लावले आहेत. पहिले चार ७एफ, ४५, ४सी व ४६ असे आहेत; त्यांपैकीं शेवटच्या तिघांचीं इंग्रजी अक्षरें केल्यास ई, एल, एफ अशीं होतात, आणि लिनक्स त्यांवरूनच हा प्रोग्राम आहे असें ओळखतो. तेथून पुढें कोणता बाइट प्रोसेसरास काय सांगतो हें प्रोसेसरचें आज्ञापुस्तक शेजारीं ठेवून एकेक करून लावीत चाललों आहों. आजींनाहि एकदां कागद पाहावयास बोलाविलें होतें; त्यांनीं चष्मा सारखा करून, “हे एवढेच देठ?” असें विचारलें. वाचन दर शनिवारीं शाळा सुटल्यावर चालतें, आतांपर्यंत सव्वाशेंच्या आसपास बाइट झाले आहेत, आणि आठवीपासून पुढच्या कोणत्याहि विद्यार्थ्यास बसण्यास हरकत नाहीं. पेन्सिल व वही मात्र स्वतःची आणावी.